लॅपटॉपला हार्ड डिस्क सापडत नाहीये? दुकानात न्यायच्या आधी एवढं करून बघा

लॅपटॉप चालू केला आणि काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' नाहीतर 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' असं आलं की पोटात गोळा येतो, त्यात पोरांचे फोटो, ऑफिसच्या फाइल्स सगळं त्यातच असेल तर विचारूच नका. पण हा मेसेज आला म्हणजे डिस्क गेलीच असं नाही, आणि कोणी सांगितलं म्हणून लगेच विंडोज नव्याने टाकायला तर अजिबात घेऊ नका, डिस्क चांगली असताना त्या नादात डेटा जातो.

आधी पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड जे काही लावलंय ते काढा, कधी कधी लॅपटॉप त्यावरूनच चालू व्हायला बघत असतो. मग लॅपटॉप बंद, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि परत लावून चालू करा.

तरी तेच आलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जायचं. डेल, एसर, आसुसला बहुतेक एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ२ किंवा एफ१. चालू केल्या केल्या बटण टकटक दाबत राहायचं. आत एकच गोष्ट शोधा, डिस्कचं नाव किंवा मॉडेल नंबर कुठे दिसतोय का. पुढचं सगळं यावर ठरतं.

दिसत असेल तर निम्मी काळजी मिटली. बूट ऑर्डरमध्ये (लॅपटॉपने आधी कशावरून चालू व्हायचं त्याची यादी) 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर आणा. यूईएफआयचं लेगसी (चालू व्हायची नवी पद्धत बदलून जुनी) झालंय का बघा. तारीख-वेळ भलतीच दाखवत असेल तर आतला छोटा गोल सेल संपलेला असू शकतो आणि त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये सेटिंग आपोआप बदलतात. एएचसीआय आणि रेड हे (लॅपटॉप डिस्कशी कसं बोलतो त्याचं सेटिंग) मात्र उगाच बदलून बघू नका, बदललं की चांगलं विंडोजसुद्धा चालू व्हायचं थांबतं. काहीही बदलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी हवी, ती बऱ्याचदा आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. सेटिंग ठीक असूनही होत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवून त्यातलं 'स्टार्टअप रिपेअर' चालवा, 'इन्स्टॉल' नाही.

नावच दिसत नसेल तर वॉरंटीवाल्यांनी सरळ सर्व्हिस सेंटर गाठावं. बाकीच्यांनी मागचं झाकण उघडून आधी बॅटरीची पिन काढायची, मग डिस्क काढून नीट परत बसवायची. जुन्या अडीच इंची डिस्कला पट्टीसारखी पातळ केबल असते ती सैल होते, एम डॉट टू एसएसडी (नवीन लॅपटॉपमधली छोट्या पट्टीसारखी डिस्क) एका स्क्रूवर असते, तो ढिला झाला की ती वर उचलली जाते. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपला दुकानात डिस्क गेली, नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं, घरी उघडला तर केबल निसटलेली, ती दाबून बसवली आणि तीच डिस्क चालू झाली. म्हणून म्हणतो, हे बघितल्याशिवाय पैसे घालवू नका.

एवढं करूनही दिसेना तर डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावा (साटा आणि एनव्हीएमई या डिस्कच्या दोन प्रकारांची केस वेगळी असते, घेताना विचारून घ्या). तिथे दिसली तर आधी डेटा कॉपी करा, बाकी सगळं नंतर. 'फॉरमॅट करायचं का' असं विचारलं तर नाहीच म्हणा.

हार्ड डिस्कमधून टकटक, खरखर आवाज येत असेल तर वरचं काहीच करत बसू नका, लगेच बंद करा, कारण प्रत्येक वेळी चालू केली की आतली चकती आणखी खरवडली जाऊ शकते. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय लोक सांगतात, तो करू नका. ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, आणि देताना 'मला लॅपटॉप नको, आधी डेटा हवाय' हे पावतीवर लिहून घ्या.