कुत्रा निवडण्याआधी तुमचा मंगळवार लिहून काढा

जातीचं नाव नंतर. आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तुमच्या घरातला मंगळवार लिहा. रविवार नको, रविवारी प्रत्येकाकडेच वेळ असतो. मंगळवारी कोण किती वाजता उठतं, डबे कोण भरतं, शाळेची बस कितीला येते, घराला कुलूप कधी लागतं आणि कधी निघतं, हे सगळं लिहा.

मी पुण्यात गेली बारा वर्षं जखमी आणि सोडून दिलेली कुत्री घरी ठेवून घेते आणि ती बरी झाली की त्यांना घर शोधून देते. त्यातली काही परत येतात. परत आलेल्या प्रत्येकाचं कारण मी वहीत लिहून ठेवते. 'चावतो' हे कारण फार थोड्यांचं. 'वेळच मिळत नाही', 'आईंना आवरत नाही', 'घर बदललं, नवे मालक नको म्हणतात', 'सुनेला दिवस गेले' अशा नोंदींनी मात्र पानं भरली आहेत. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण कुत्रा घरात यायच्या आधीच समोर दिसत होतं. ते आधी दिसावं म्हणून ही तयारी.

कागदावर सगळ्यात आधी कुलपाचे तास मोजा. तीन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर शू धरू शकत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की दर वेळी त्याला ठरलेल्या जागी न्यावं लागतं, आणि रात्री दोनलाही. सकाळी नऊला कुलूप लावून संध्याकाळी सहाला उघडणाऱ्या घरात पिल्लू आणूच नका, मग ते कोणत्याही जातीचं असो. त्या घराला दोन-तीन वर्षांचा, शांत स्वभावाचा मोठा कुत्रा चालेल; तेही दुपारी कोणीतरी येऊन त्याला खाली नेणार असेल तर. ते कोणीतरी म्हणजे कोण, त्याचं नाव लिहा. शेजारच्या काकू 'बघीन हं' म्हणाल्या असतील तर ती जागा अजून रिकामी समजा.

मग फिरवण्याचं. 'आम्ही सगळे मिळून फिरवू' असं म्हणणाऱ्या घरात दुसऱ्या महिन्यापासून एकटी बाईच फिरवत असते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक अशी दोन नावं लिहून घेतल्याशिवाय कुत्रा देत नाही. जुलैमधल्या संततधारेतली सकाळ डोळ्यांसमोर आणा आणि मग नाव लिहा. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल यांना रोज तास-दीड तास दमवायलाच लागतं. आकारावर जाऊ नका. ग्रेट डेन केवढा तरी मोठा, पण प्रौढ झाल्यावर घरात बराच वेळ पडून असतो. बीगल दहा-अकरा किलोचा, पण सशामागे मैलोन्‌मैल पळायला आणि पळताना मोठ्यानं ओरडायला घडवलेला. दिवसभर एकटा ठेवलेला बीगल गळा काढतो, आणि दुपारी झोपणाऱ्या शेजाऱ्यांशी तुमचे संबंध महिन्याभरात बिघडतात.

आता स्वतःच्या शरीराचं, आणि इथे जरा थांबते. कुत्रा सांभाळता येणं हे जसं हौसेवर असतं तसं मनगटावर, खांद्यावर, गुडघ्यांवरही असतं. तीस किलोच्या तरण्या कुत्र्यानं मांजर बघून झेप घेतली तर पट्टा धरणारा माणूस उभा राहायला हवा. घरात सकाळी फिरवणार सत्तरीचे बाबा असतील तर कुत्रा त्यांच्या ताकदीचा निवडा, तुमच्या नव्हे. ओळखीच्या कोणाचा तरी मोठा कुत्रा सलग आठ दिवस फिरवून बघा. पहिल्या दिवशी मजा येते, पाचव्या दिवशी खरं कळतं.

माझा राजा लॅब्राडॉर होता, चौतीस किलोचा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो दोन वर्षांचा असताना मी कधी जिन्याचा विचारही केला नाही, मी पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तो वर दाराशी उभा असायचा. बाराव्या वर्षी त्याचे मागचे पाय गेले. शेवटचे आठ महिने मी आणि माझा मुलगा त्याला चौपदरी घडी केलेल्या सोलापुरी चादरीत घालून दिवसातून तीनदा खाली नेत होतो. दोन टोकं माझ्या हातात, दोन त्याच्या. वळणावर मुलगा आधी उतरायचा, मी वरून चादर ओढून धरायची, आणि राजा मान बाहेर काढून भिंतीकडे बघत राहायचा, जणू आम्हाला त्रास होतोय हे त्याला कळत होतं. माझी पाठ त्या वर्षी धरली ती धरलीच. राजाबद्दल मला क्षणाचाही पश्चात्ताप नाही. पण आता कोणी लिफ्ट नसलेल्या घरासाठी मोठा कुत्रा मागितला की मी विचारते, आजपासून दहा-बारा वर्षांनी याला उचलणारे दोघं कोण? जिना चढायचा असेल तर दहा-पंधरा किलोंच्या आतला कुत्रा बघा. डॅशहाऊंड मात्र नको. लांब पाठीमुळे त्याच्या मणक्याच्या चकत्या सरकतात, रोजच्या पायऱ्या त्याला मानवत नाहीत.

हवेचा विचार जातीच्या फोटोत दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम करा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग गार करतो. पगचं नाक इतकं चपटं की त्याला नीट धापही टाकता येत नाही, म्हणून मे महिन्यात दुपारी त्याला बाहेर काढणं धोक्याचं. हस्की आणि सेंट बर्नार्ड बर्फाच्या मुलखातले, दुहेरी केसांचे. नागपूरला पारा ४५ अंशांवर जातो तिथे किंवा कोकणातल्या दमट हवेत त्यांना आणणं म्हणजे वर्षाचे आठ महिने त्यांचे हाल करणं. 'एसी लावतो ना' हे उत्तर मला पटत नाही, कारण फिरायला, शी-शूला त्याला रस्त्यावरच यायचंय. केस भादरून टाकणं हाही उपाय नाही, तो थर उन्हापासूनही त्याचं रक्षण करतो. कुत्रा कोणताही असो, एक सवय आजच लावून घ्या. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याचे तळवेही भाजतील.

केसाळ कुत्रा हवा असेल तर विंचरायला रोजचा वेळ मंगळवारात कुठे बसतो तेही बघा. शित्झूच्या केसांच्या आठवड्यात गाठी होतात आणि खालची कातडी ओली राहून चिघळते.

आपल्या मातीतल्या कुत्र्यांबद्दल हल्ली विचारणा वाढली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथेही जोडी जमावी लागते. कारवानी म्हणजे लातूरकडच्या शेतकऱ्यांचा आणि बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा जुना शिकारी कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली, डाक खात्यानं २००५ साली त्याचं तिकीटही काढलं. छाती खोल, पोट आत ओढलेलं, अंगावर चरबीचा थर नाही. नजरेनं सावज हेरून वाऱ्यासारखं पळणं हाच त्याचा जन्म. परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. शेत असेल, कुंपणाचं रान असेल तर जरूर आणा. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सोसायटीला दोन फेऱ्या मारून, त्याचं भागणार नाही.

फ्लॅटमधल्या बहुतेक घरांना मी साधा गावठी कुत्राच सुचवते, तोही मोठा झालेला. लहान केस, पंधरा-वीस किलोंच्या आसपास वजन, इथल्या हवेत मुरलेला, आणि त्याचा स्वभाव काय आहे ते आधीच दिसतं. पिल्लाकडे बघून तो पुढे कसा निघेल हे मलाही सांगता येत नाही. तीन वर्षांच्या कुत्रीकडे बघून सांगता येतं की तिला मुलं आवडतात, मांजर आवडत नाही आणि स्कूटरचा आवाज चालत नाही. ज्यांनी तिला सांभाळलं आहे त्यांना थेट विचारा. एकटी राहते का? खाताना हात लावू देते का? पाहुणे आले की काय करते? एका भेटीत ठरवू नका, दोन-तीनदा जा, त्यातली एक भेट फिरायच्या वेळेची असू द्या.

जातिवंत पिल्लूच घ्यायचं ठरलं तर त्याची आई बघायला मागा, ती जिथे राहते त्या जागेत. आई दाखवत नाहीत तिथून रिकाम्या हातानं निघा. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. महिन्याचं पिल्लू हातात ठेवणारे पुष्कळ भेटतील. एवढ्या लवकर आईपासून आणि भावंडांपासून तोडलेलं पिल्लू चावताना दातांचा जोर कुठे आवरायचा हे शिकलेलंच नसतं.

खर्चाचं थोडक्यात: जंताचं औषध, गोचिडांचं औषध, भूल, सगळं वजनावर चालतं. मोठा कुत्रा फक्त ताटातच महाग पडतो असं नाही.

डॉक्टर कुत्रा यायच्या आधी ठरवा, आणि रात्री-अपरात्री कुठे जायचं तेही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची लस आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका, कडेवर घेऊन जग दाखवा. पावसाळ्यात रोज संध्याकाळी मोबाइलची बॅटरी लावून बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आत गोचीड शोधायची. कुत्रा जेवण सोडतोय, हिरड्या फिक्या दिसताहेत, नाकातून रक्त आलं, तर सकाळची वाट बघू नका. गोचीडताप अंगावर काढण्यासारखा नसतो.

घरातल्या माणसांना एकेकटं गाठून विचारा. सगळ्यांसमोर कोणी 'मला भीती वाटते' म्हणत नाही. कोणाला दमा असेल तर कुत्रा असलेल्या घरी चार दुपारी बसून या. स्वयंपाकघरात अंडं-मटण चालत नसेल तर त्याला काय घालायचं हे डॉक्टरांशी आधीच बोला. कांदा-लसणाची आमटी कालवून दिलेला भात त्याला नको. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे तर बिलकूल नको, म्हणजे बेदाणे घातलेला प्रसादाचा शिराही नको. हे आजीला कुत्रा यायच्या आधी सांगा, तो ताटाशी येऊन बसल्यावर सांगून उपयोग होत नाही.

भाड्यानं राहत असाल तर मालकांची परवानगी करारात लिहून घ्या. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांत स्पष्ट आहे; पण कुत्र्याची शी उचलायची पिशवी तुमच्या खिशात दिसली तर वाद मुळात उभाच राहत नाही. महापालिकेचा परवाना काढा, त्याला रेबीज लसीचा दाखला लागतो. गणपतीला गावी जाता तेव्हा तो कुठे असेल? रेल्वेत त्याला सोबत न्यायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यात एकटं पाठवावं लागतं. म्हणून त्या दहा दिवसांपुढेही एक नाव लिहा.

मंगळवारच्या कागदावर कुठे जागा रिकामी राहिली असेल तर थोडं थांबा, किंवा एखाद्या कुत्र्याला पंधरा दिवस तात्पुरतं सांभाळून बघा. सगळी नावं लिहून झाली असतील तर दिवस ठरवा. दिवाळीच्या फटाक्यांत नको, घरात कार्य असताना नको. शुक्रवारी संध्याकाळी आणा आणि पुढचे चार दिवस रजा टाका. गळपट्ट्याला फोन नंबरची पट्टी आधीच लावलेली हवी, कारण नवीन घरातून कुत्री पळतात ती पहिल्या आठवड्यातच, दार अर्धवट उघडं राहिलं तेव्हा. फिरवताना गळ्याला एक आणि छातीच्या हार्नेसला एक, असे दोन पट्टे ठेवा. नातेवाइकांना 'बघायला या' म्हणू नका. पहिल्या रात्री त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी टाका, पाण्याचं भांडं जवळ ठेवा, दिवा मालवा. तो उठेल, दाराशी जाईल, वास घेत परत येईल, पुन्हा जाईल. त्याला हाक मारू नका, फक्त हात पलंगाखाली सोडून ठेवा. केव्हातरी पहाटे ओलं नाक बोटांना लागेल.