बटाट्याच्या बंदुकीचा बार फुसका निघतोय? या चुका टाळा

नळीच्या दोन्ही तोंडांना कच्च्या बटाट्याची बुचं, मागून आत सरकणारा दट्ट्या आणि मध्ये कोंडलेली हवा. दट्ट्या दाबला की हवा चेपत जाते, पुढच्या बुचाला ती आवरेनाशी होते आणि ते ‘फट्ट’ करून उडतं. इतकं साधं खेळणं, पण पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या हाती येतं ते ‘फुस्स’. मग लगेच जोर वाढवायचं डोक्यात येतं. जाड पाईप घेऊ, सायकलचा पंप लावू, नाहीतर आत स्प्रे मारून पेटवू. इथेच थांबा. जोर तुमच्या हातात पुरेसा आहे, तो कुठून तरी निसटतोय. आधी गळती शोधा.

हिशोब करून बघा. समजा नळी आतून १७ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे बुचाचं तोंड साधारण सव्वादोन चौरस सेंटिमीटरचं. हवेचं आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट होतो, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. तेव्हा आतली हवा निम्म्यावर आणली की बुचावर सव्वादोन किलोचा रेटा येतो, एक तृतीयांशावर आणली की साडेचार किलोचा. बटाट्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आठ-दहा मीटर फेकायला एवढं पुष्कळ झालं. अट एकच, हवा कोंडलेली राहिली पाहिजे.

नळीची कड

सगळ्यात जास्त गळती इथे होते आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच जातं. वायरिंगचा २० मिलिमीटरचा पाईप या कामाला चांगला, लांबी ३० सेंटिमीटर. करवतीने कापल्यावर त्याच्या आतल्या कडेला प्लास्टिकची बारीक कुसळं राहतात. डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण बूच आत शिरताना प्रत्येक कुसळ त्याच्या अंगावर एक उभी चरी ओढतं आणि हवा त्या चरीतून निघून जाते. बोट आतून फिरवून बघा. खरखर लागली की पॉलिश पेपरची सुरळी करून कड गुळगुळीत करा. मग कानशीने बाहेरच्या बाजूने तिरकी तासून तिला धार आणा. तासायचं ते बाहेरूनच. आतून तासलंत तर बूच नळीपेक्षा मोठं कापलं जातं आणि आत जाताना चिरडतं. पुढचं आणि मागचं, दोन्ही तोंडं अशीच करायची.

बटाटा

कडक, ताजा, रसदार हवा. मोड आलेला, सुरकुतलेला किंवा उकडलेला चालत नाही. साल काढा, नाहीतर सालीचा तुकडा कडेला अडकून फट राहते. दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापा, पाटावर ठेवा आणि नळी सरळ उभी धरून दाबा. खाली टेकली की किंचित पिळून उचला. पातळ बूच नळीत आडवं होतं, फार जाड बूच अडकून बसतं.

गळती आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. मागचं बूच भरा, पुढचं तोंड अर्ध्या बटाट्यात रुतवा आणि तसंच राहू द्या. आता दट्ट्या चार-पाच सेंटिमीटर हलकेच दाबून हात सैल सोडा. दट्ट्या मागे सरकला तर हवा आत आहे. होता तिथेच राहिला आणि बारीक ‘सूं’ ऐकू आली, तर कडेकडे परत जा.

दट्ट्या

लाकडाची गोल काठी घ्या, नळीपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर बारीक, टोक सपाट. फार बारीक काठी बुचातून आरपार घुसते. घट्ट बसणारी काठी बटाट्याचा रस पिऊन फुगते आणि मध्येच अडते.

काठी नळीच्या पुढच्या तोंडाच्या दोन सेंटिमीटर आधी थांबली पाहिजे. तेवढ्या मापावर चिकटपट्टीचे वेढे देऊन जाड गाठ करा किंवा लाकडी मूठ बसवा. त्याने दोन कामं होतात. एक, मागचं बूच बाहेर न पडता तोंडाशी थांबतं आणि पुढच्या बाराला तेच पुढचं बूच होतं, फक्त मागे नवं भरायचं. दुसरं, हात वाचतो. मी पहिली बंदूक गाठीशिवाय केली होती. बूच सुटल्यावर अडवायला काहीच उरलं नाही, मूठ पुढे घसरली आणि मीच धार लावलेल्या कडेवर बोटाची पेरं सोलून निघाली.

दाबायचं ते एका दमात. हळूहळू दाबलं की चांगलं बूचही कडेने हवा सोडतं.

बार अडकला तर

माझा भाचा नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बूच निघेना, म्हणून त्याने दट्ट्या दाबलेला ठेवून नळी उलटी केली आणि आत काय झालंय ते बघायला डोळा लावला. मी हात धरून नळी खाली केली, पण तो क्षण अजून आठवतो. अडकलेली नळी ही भरलेली नळी आहे, असंच समजायचं. तोंड रिकाम्या बादलीकडे धरा आणि दट्ट्यावरचा हात सावकाश सैल करा. दाब उरला असेल तर मागचं बूचही उलटं येऊ शकतं, म्हणून मागच्या बाजूलाही चेहरा नको. दट्ट्या काढून बाजूला उभं राहा आणि विणकामाची सुई मागच्या बुचात खुपसा. भोकातून हवा निघून गेली की मगच बुचं ढकलून काढा.

गॉगल उडवणाऱ्याला आणि बघणाऱ्यांनाही हवा, बाजूने झाकणारा. नेहमीचा चष्मा पुरत नाही. निशाणा म्हणून जुनी चादर सैल टांगा. तुकडा तिच्यात मुरतो, भिंतीवरून मात्र उसळून परत येतो. माणूस, जनावर, पक्षी यांच्या दिशेने नळी कधीच वळता कामा नये, रिकामी असली तरी. गोटी, खडा, खिळा, गोठवलेला बटाटा, यातलं काहीही आत घालू नका. मुलं खेळत असतील तर मोठं माणूस शेजारी उभं पाहिजे.

पंप आणि आग

हाताच्या बंदुकीत हात सैल सोडला की दाब उतरतो. पंपाने भरलेल्या टाकीत तो कुणी हात लावला नाही तरी तसाच बसून राहतो. आणि आकडे बघा. ५० मिलिमीटरच्या पाईपचं तोंड जवळजवळ २० चौरस सेंटिमीटरचं होतं. चार किलोचा दाब भरला की रेटा ७८ किलोच्या घरात जातो. पीव्हीसीच्या पाईपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो, हवेसाठी नव्हे. पाण्याचा पाईप तडकला की दाब क्षणात उतरतो, पण चेपलेली हवा फुटते तेव्हा पीव्हीसीच्या टोकदार चिरफळ्या चहूकडे उडवते. उन्हात पडलेला पाईप आणखी ठिसूळ होतो.

स्प्रे, गॅस किंवा कार्बाइड यांच्या वाटेलाही जाऊ नका. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो हवेत अगदी थोडा असला काय, भरपूर असला काय, पेट घेतो. यातल्या डोळ्यांच्या दुखापती अनेकदा एकाच प्रकारे होतात. ठिणगी पाडली, बार झाला नाही, म्हणून वाकून नळीत पाहिलं आणि तेवढ्यात भडका उडाला. काही देशांत अशा बंदुका शस्त्रांच्या कायद्याखालीही येतात. असलं काही करण्याची एकही पद्धत मी सांगणार नाही, कुणी विचारलं तरी.

खेळून झालं की नळी लगेच धुवा. बटाट्याच्या रसातलं पिठूळ वाळलं की खळीसारखं चिकटतं आणि पुढच्या वेळी बूच निम्म्यातच अडतं. आत ओला फडका फिरवा, दट्ट्या सुकवा आणि दोन्ही वेगवेगळे ठेवा, नळीची दोन्ही तोंडं उघडी.