बॅटरी नवी, तरी गाडी सुरू होत नाही: दोष कसा शोधावा

नवी बॅटरी बसवूनही गाडी सुरू झाली नाही, की संशय एक तर त्या बॅटरीवर जातो किंवा स्टार्टरवर, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरवर. परंतु आदल्या दिवशीपर्यंत ठीक चालणारा स्टार्टर नेमका बॅटरी बदलण्याचाच मुहूर्त साधून बिघडेल, अशी शक्यता कमी असते. ज्या जागी नुकताच पाना लागला, तिथे आधी पाहावे. या कामासाठी १० चा पाना, साधा मल्टिमीटर, बारीक सँडपेपर आणि चावी फिरवायला एक माणूस एवढे पुरते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, आणि हातातील अंगठी व धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. नागपुरात मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटला दुपारी हातही लावता येत नाही. म्हणून हे काम सकाळीच उरकावे.

आधी ऐकावे

काहीही न उघडता एकदा चावी फिरवावी आणि नीट ऐकावे. डॅशबोर्डवरचे दिवेच लागत नसतील, तर वीज बॅटरीबाहेर पडत नाही, म्हणजे क्लॅम्प सुटा आहे किंवा मुख्य फ्यूज उडाला आहे. दिवे मंदावून टकटकटक असा भराभर आवाज येत असेल, तर स्टार्टरपर्यंत पुरेसा विजेचा दाब (व्होल्ट) पोहोचत नाही. एकच ‘टक्’ होऊन सारे शांत होत असेल, तर जोडणी किंवा स्टार्टर, दोन्हींपैकी काहीही असू शकते. दिवे लख्ख आहेत पण आवाजच नाही, असे असल्यास क्लच पूर्ण दाबून पाहावा, कारण अनेक गाड्यांत त्याशिवाय सेल्फ (स्टार्टर) लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर पार्कमध्ये किंवा न्यूट्रलमध्येच आहे याची खात्री करावी. त्यानंतर स्टार्टरचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज पाहावा. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, ही तक्रार मात्र वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

खुंट आणि क्लॅम्प

बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडते, म्हणून इथे घाई करू नये. बॅटरीवर शिशाचे दोन खुंट असतात आणि वायरच्या टोकाला असलेले क्लॅम्प त्यांवर आवळले जातात. हे खुंट सगळ्या बॅटऱ्यांचे सारखे नसतात. लहान गाड्यांतील काही जपानी मापाच्या बॅटऱ्यांचे खुंट बारीक असतात, तर इतर पुष्कळ बॅटऱ्यांचे जाड. दोहोंच्या जाडीत ४ ते ५ मिलिमीटरचा फरक पडतो. जाड खुंटासाठी केलेला क्लॅम्प बारीक खुंटावर बसवला, की नट शेवटपर्यंत आवळूनही तो पकड घेत नाही. शिवाय एकाच बॅटरीत धन खुंट ऋण खुंटापेक्षा किंचित जाड असतो, त्यामुळे ढिलाई बहुधा ऋण बाजूला आढळते.

माझ्याच गाडीत हे घडले. त्रिमूर्तीनगरात घराजवळच्या एका दुकानातून संध्याकाळी बॅटरी बसवून घेतली, गाडी तिथे सुरू झाली, घरीही आली. सकाळी वर्ध्याला लग्नासाठी निघालो तर एकच ‘टक्’. हेडलाइट मात्र झगझगीत. बॉनेट उघडून ऋण बाजूचा क्लॅम्प दोन बोटांनी धरला, तर तो रवीसारखा गरगर फिरला. आत पाहिले तर खुंट आणि क्लॅम्प यांच्या मधल्या फटीत एक खिळा ठोकलेला होता.

हेडलाइट लागतात म्हणजे बॅटरीची जोडणी ठीक, हा समज इथेच फसवतो. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर प्रवाह घेतात, तर लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टरही १०० ते २०० अँपिअर ओढतो. ढिल्या जोडणीत समजा ०.०२ ओहम इतका किरकोळ रोध आहे. हेडलाइटसाठी तिथे फक्त ०.२ व्होल्ट खर्ची पडतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही, पण १५० अँपिअरला त्याच जागी ३ व्होल्ट गळतात आणि स्टार्टर जागचा हलत नाही.

म्हणून क्लॅम्प हाताने फिरवून पाहावा. तो तसूभरही हलता कामा नये. हलत असेल तर काढून, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू सँडपेपरने चकचकीत करून पुन्हा आवळावा. काढताना ऋण बाजू आधी आणि बसवताना ती शेवटी, हा क्रम पाळावा, कारण धन बाजू सोडवताना पाना बॉडीला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. खुंट बारीकच असेल तर त्यावर चढवायची शिशाची टोपी मिळते, ती वापरावी. खिळे, पत्र्याचे तुकडे किंवा वायरचे वेटोळे हे उपाय चार दिवसांचे असतात. काही नव्या बॅटऱ्यांच्या खुंटांवर प्लास्टिकची रंगीत टोपणे असतात आणि ती वेळेवर काढली न गेल्याचीही उदाहरणे आहेत!

मग मोजावे

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून सुया थेट शिशाच्या खुंटांवर टेकवाव्यात, क्लॅम्पवर नव्हे. काही तास स्वस्थ असलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास आकडा दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी रिकामी आहे. नवी बॅटरीही रिकामी असू शकते. पडून असलेल्या बॅटरीतील वीज आपोआप कमी होत राहते आणि उष्णतेत हा वेग वाढतो, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात महिनोन्‌महिने राहिलेली बॅटरी चार्ज करूनच बसवायला हवी.

आता दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगावे. त्या क्षणी खुंटांवरचा आकडा साधारण ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. आकडा १२ च्या वर राहिला आणि तरीही इंजिन फिरले नाही, तर वीज वाटेत अडते आहे किंवा स्टार्टर ती घेतच नाही. वाट तपासण्यासाठी एक सुई ऋण खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा चावी फिरवावी. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थिंगची, म्हणजे ऋण खुंट बॉडीला व इंजिनला जोडणारी वायर किंवा तिची टोके खराब आहेत. त्या सकाळी माझ्याकडे हा आकडा ३ ते ५ च्या दरम्यान नाचत होता. धन खुंटापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ पर्यंतची घट चालते. दोन्ही बाजू निर्दोष निघाल्या, तरच स्टार्टर काढायला सांगावे.

उलटी जोडणी

एकाच मापाच्या बॅटरीत धन खुंट डावीकडे असलेली आणि उजवीकडे असलेली अशा दोन जाती येतात, आणि चुकीची जात आणल्यास वायरी उलट लागण्याची भीती असते. क्षणभर जरी तसे झाले असेल, तर पुन्हा चावी फिरवू नये. मुख्य फ्यूज बहुधा उडालेला असतो, पण अल्टरनेटरमधील (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातील) डायोडही जळू शकतात. इथून पुढचे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे आहे.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर (चोरी रोखण्यासाठी अनोळखी चावीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही. गाडी रिमोटने एकदा बंद करून उघडावी, नंतर दुसरी चावी वापरून पाहावी. ते चिन्ह नसेल तर चावी ‘ऑन’वर ठेवून मागच्या सीटजवळ कान द्यावा; बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंपाची दोनेक सेकंदांची घरघर ऐकू येते. ती नसल्यास पंपाचा फ्यूज पाहावा, आणि धन क्लॅम्पवर येणारी एखादी बारीक वायर लावायची राहिली आहे का, हेही तपासावे. सुरू होऊन लगेच बंद पडणाऱ्या गाडीत दोष नसण्याचीही शक्यता असते: वीज तुटल्याने इंजिनच्या संगणकाची आयडलिंगची, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवण्याची आठवण पुसली जाते. ॲक्सिलरेटर किंचित दाबून इंजिन गरम होऊ द्यावे.

गाडी सुरू झाल्यावर एक मोजमाप उरते. इंजिन चालू असताना खुंटांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२ च्या घरातच घोटाळत असेल, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही, कदाचित जुनी बॅटरीही त्यामुळेच उतरली होती, आणि नवीही काही दिवसांत त्याच वाटेने जाईल.