असोसिएट डिग्रीचे क्रेडिट बीएस बायॉलॉजीत धरले जात नव्हते : माझा अनुभव

टेक्सासमध्ये बायोटेक्नॉलॉजीची दोन वर्षांची असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स पदवी केली आणि चार वर्षांच्या बीएस बायॉलॉजी पदवीला प्रवेश मिळाला. डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीच्या कोणत्या अटी पुऱ्या झाल्या ते दाखवणारा तक्ता, उघडलं, तर लॅबचे सगळे कोर्स 'जनरल इलेक्टिव्ह'मध्ये, म्हणजे नुसत्या ऐच्छिक विषयांत! क्रेडिट दिसतात, पण बायॉलॉजीची एकही अट पुरी होत नाही. त्या रात्री मला रडू आवरेना.

प्रवेश कार्यालयाला तीनदा ईमेल केली, ट्रान्सक्रिप्ट (कोर्स आणि गुणांची अधिकृत यादी) पुन्हा पाठवलं. उत्तर तेच. ट्रान्सक्रिप्टवर कोर्सचं नुसतं नाव असतं, आत काय शिकवलं ते कुठे असतं?

शेवटी थेट बायॉलॉजी विभागाच्या ॲडव्हायझरची वेळ घेतली आणि कोर्स सब्स्टिट्यूशनचा, म्हणजे इथल्या कोर्सऐवजी आधी केलेला कोर्स धरण्यासाठीचा, फॉर्म मागितला. मग जुन्या कॉलेजातून सिलॅबस मागवले, तेही मी ज्या सेमिस्टरला शिकले त्याच सेमिस्टरचे; चालू वर्षाचा एक दिला होता, तो परत आला. प्रत्येक कोर्सचा वेगळा फॉर्म भरला, सोबत सिलॅबस, लॅबचे तास आणि पाठ्यपुस्तकाचं नाव जोडलं. लॅबची वहीही नेली. जेल इलेक्ट्रोफोरेसिसचे (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करण्याच्या प्रयोगाचे) फोटो चिकटवलेली पानं ॲडव्हायझरनी एकेक करून पाहिली. तीन आठवड्यांनी दोन कोर्स मान्य झाले.

केमिस्ट्री मात्र नव्याने करावी लागली. तुम्ही अजून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे असोसिएट डिग्री देणाऱ्या दोन वर्षांच्या कॉलेजात असाल, तर केमिस्ट्री १४११ आणि १४१२ हे कोर्स तिथेच उरका, फी बरीच कमी पडते. आणि नोंदणी करताना क्रमांक नीट बघा: बायॉलॉजी १४०६ मेजरवाल्यांसाठी (विज्ञान हाच मुख्य विषय असलेल्यांसाठी) असतो, १४०८ इतरांसाठी.