फिनलंडमध्ये शाकाहारी म्हणून जेवताना या चुका टाळा

फिनलंडला निघालेल्या शाकाहारी माणसाला साधारणतः दोन सल्ले मिळतात. पहिला म्हणजे, ‘तिथे मासे आणि रेनडिअर सोडून काही मिळत नाही, खिचडीची पाकिटे भरून घ्या’. आणि दुसरा म्हणजे, ‘हल्ली युरोपात सगळीकडे वेगन, म्हणजे दूध-अंडेही नसलेले, मिळते, काळजी नको’. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. हेलसिंकी, टांपेरे, तुर्कू या शहरांत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. परंतु आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याची सवय घेऊन तो तिथला मेनू वाचायला बसला, तर नको ते ताटात येण्याची शक्यता मात्र भरपूर असते, कारण तिथल्या खाद्यपदार्थांवरील खुणा शाकाहार आणि मांसाहार या भेदावर नव्हे, तर कोणाला काय पचत नाही यावर बेतलेल्या आहेत. बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

मेनूवरील अक्षरे अंदाजाने वाचणे

फिनलंडमधील जवळजवळ प्रत्येक मेनूवर पदार्थाच्या नावापुढे एक-दोन अक्षरे छापलेली असतात. ‘एल’ म्हणजे लॅक्टोजविरहित (लॅक्टोज ही दुधातली साखर), ‘व्हीएल’ म्हणजे लॅक्टोज कमी असलेला, ‘जी’ म्हणजे ग्लुटेनविरहित आणि ‘एम’ म्हणजे दुग्धजन्य घटक नसलेला पदार्थ. यातले एकही अक्षर मांसाबद्दल काही सांगत नाही. ‘व्हीएल’मधला ‘व्ही’ पाहून पदार्थ शाकाहारी आहे असे समजणे आणि ‘एम’ म्हणजे मांस असावे असे मानून एखादी उत्तम भाजी टाळणे, हे दोन्ही प्रकार भारतीय पाहुण्यांकडून सहज घडतात. रेनडिअरच्या रश्शापुढेही ‘एल’ आणि ‘जी’ ही अक्षरे दिमाखात उभी असू शकतात. नुसता ‘व्ही’ असेल तर तो काही ठिकाणी वेगनसाठी आणि काही ठिकाणी शाकाहारीसाठी वापरतात, त्यामुळे मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेला खुलासा वाचावा किंवा सरळ विचारावे. इंग्रजी बहुतेक सर्वांना येते आणि असे प्रश्न विचारणाऱ्याला तिथे कोणी विक्षिप्त समजत नाही, कारण अ‍ॅलर्जीमुळे स्थानिक लोकही रोज तेच विचारत असतात.

पाकिटावरील फक्त ठळक शब्द पाहणे

युरोपीय संघाच्या नियमांनुसार पाकिटावरील घटकांच्या यादीत अ‍ॅलर्जीकारक १४ घटक उठून दिसतील असे छापावे लागतात. अंडे, मासे, कोळंबीसारखे कवचधारी प्राणी, दूध आणि मोहरी हे त्यांतले आहेत. म्हणजे अंडे किंवा मासा असेल तर तो ठळक अक्षरांत सापडतो आणि तेवढ्यावर आपण निश्चिंत होतो. अडचण अशी की मांस, डुकराची चरबी आणि प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेले जिलेटिन ही अ‍ॅलर्जीची यादीतली कारणे नव्हेत, म्हणून ती साध्या अक्षरांत इतर घटकांत मिसळून जातात. जिलेटिनला फिनिशमध्ये ‘लीवाते’ म्हणतात. चघळण्याच्या मऊ गोळ्या, मार्शमॅलो, थंड चीजकेक आणि काही कमी स्निग्धांशाची गोड दही-मिष्टान्ने यांत ते असू शकते. ‘सिका’ म्हणजे डुक्कर, ‘नाउता’ म्हणजे गोमांस, ‘काना’ म्हणजे कोंबडी, ‘काला’ म्हणजे मासा आणि ‘लिहा’ म्हणजे कोणतेही मांस, एवढे शब्द पाठ असले तर दुकानातले निम्मे काम होते. मात्र ‘कानान्मुना’ हे अंडे आहे. त्यातला ‘काना’ पाहून कोंबडी समजून घाबरण्याचे कारण नाही, अर्थात अंडे चालत असेल तर. फोनवरचे भाषांतराचे अ‍ॅप उपयोगी पडते, पण फिनिशमधील लांबलचक जोडशब्दांपुढे ते अधूनमधून हात टेकते. अशा वेळी शेजारीच छापलेली स्वीडिश यादी त्याला दाखवावी.

अंड्याचा प्रश्न वेगळा न विचारणे

भारतात पाकिटबंद खाद्यपदार्थांच्या नियमांत अंडे मांसाहारात मोडते. फिनलंडमध्ये ते शाकाहारात धरले जाते. ‘कास्विस’ म्हणजे भाजीचा पदार्थ, असे लिहिलेल्या कटलेटात किंवा पॅटिसमध्ये अंडे असणे तिथे अगदी स्वाभाविक आहे. ज्यांना अंडे चालत नाही त्यांनी ‘मी शाकाहारी आहे’ असे सांगून थांबू नये, तर वेगन पदार्थ मागावा आणि दूध, लोणी, दही आपल्या मनाने वर घ्यावे. हा मार्ग उलटा वाटला तरी सर्वांत बिनचूक आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कार्यालान्पीराक्का. राईच्या (ही मोहरी नव्हे, तर गव्हासारखे धान्य) पिठाची पातळ, कडा चिमटून दुमडलेली पारी आणि तिच्यात दुधात शिजवलेला घट्ट तांदूळ, असा हा लंबगोल पदार्थ मूळचा कारेलिया प्रांतातला असून २००३ पासून त्याच्या पारंपरिक कृतीला युरोपीय संघाचे संरक्षण आहे. तो हॉटेलच्या न्याहारीत, रेल्वे स्टेशनवर आणि किराणा दुकानात, सगळीकडे मिळतो. चव सौम्य, जवळजवळ अळणी, आणि कड मात्र खमंग कुरकुरीत. गरम असताना खाल्ला तर शाकाहाऱ्याला त्याच्याइतका सोबती फिनलंडमध्ये दुसरा नाही. परंतु त्यावर जो पिवळसर लगदा वाढतात तो ‘मुनावोइ’, म्हणजे उकडलेली अंडी कुस्करून लोण्यात कालवलेले मिश्रण, आणि न्याहारीच्या टेबलावर तो वाडग्यात ठेवलेला असला की मसाला लावलेले लोणी समजून भरघोस घेतला जातो. तो वेगळा असेल तर टाळता येतो. बेकरीत आधीच वर लावलेला असेल तर साधा पीराक्का मागावा. काही जण सारणातही अंडे घालतात, तेव्हा ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी घटकांची यादी पाहावी.

वेलदोड्याच्या वासाने आपल्याला चटकन आपलासा वाटणारा पुल्ला नावाचा गोड पाव आणि त्याचेच दालचिनीचे रूप असलेला कोर्वापूस्ती यांच्या कणकेत अनेकदा अंडे असते आणि वरची चकाकी तर बहुधा अंडे लावूनच आणलेली असते. शहरांतील बऱ्याच कॅफेंमध्ये त्यांचे वेगन प्रकारही मिळतात.

दिसण्यावरून पदार्थ ओळखणे

फिनिश स्वयंपाक रंगाने साधा असतो, त्यामुळे नजरेला फसगत लवकर होते. माक्सालातिक्को हा भात, बेदाणे आणि काकवीसारखा पाक घातलेला तपकिरी भाजलेला पदार्थ एखाद्या गोड खिरापतीसारखा दिसतो, सोबत लाल लिंगनबेरीचा मुरंबाही देतात, आणि त्याचा मुख्य घटक असतो प्राण्याचे यकृत. गडद तपकिरी, जवळजवळ काळी धिरडी दिसली तर ती चॉकलेटची असतील असे समजू नये, कारण रक्त घालून केलेली धिरडी तिथे किराणा दुकानातही मिळतात. त्यांच्याच शेजारी ठेवलेली हिरवी धिरडी पालकाची असतात आणि अंडे चालणाऱ्यांनी ती जरूर घ्यावीत. साव्हो भागातला कालाकुक्को बाहेरून राईच्या पावाच्या गोल लोफासारखा दिसतो, आत मात्र छोटे मासे आणि डुकराची चरबी भरलेली असते. यान्सोनिन्किउसाउस म्हणजे साय घातलेल्या बटाट्याच्या काड्या असे वर्णन करता येईल, पण त्यात खारवलेले मासे असतात. टांपेरेच्या बाजारात प्रसिद्ध असलेली मुस्तामाक्कारा ही रक्ताची सॉसेज आहे.

याउलट ईस्टरच्या दिवसांत दिसणारा मॅम्मी हा डांबरासारखा काळा, लपथपीत पदार्थ पाहून आपण दूर सरतो, तर तो निव्वळ राईचे पीठ, मोड आणवून वाळवलेली राई, पाणी, मीठ आणि कडवट संत्र्याची साल यांचा असतो. साय आणि साखर घालून खाल्ला की त्याची आंबटगोड, किंचित जळकट चव कळते. सगळ्यांना तो आवडेलच असे नाही, खुद्द फिनिश लोकांतही त्यावरून मतभेद आहेत, पण शाकाहाऱ्याने नाकारण्यासारखे त्यात काही नाही.

गुरुवारी अनेक ठिकाणी हेर्नेकेइत्तो, म्हणजे वाटाण्याचे दाट सूप, आणि त्यामागून भट्टीत भाजलेला जाड गोड पॅनकेक देण्याची जुनी पद्धत आहे. वाटाण्याचे नाव ऐकून निर्धास्त होऊ नये. मूळ कृतीत डुकराचे मांस असते. काही उपाहारगृहे मांसाविना वेगळे पातेले ठेवतात, त्याच्या पाटीवर ‘कास्विस’ हा शब्द शोधावा. पॅनकेकमध्ये अंडे असते.

चीज सरसकट शाकाहारी मानणे

दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले चीज अनेक भारतीय शाकाहाऱ्यांना चालत नाही, पण चीजच्या वेष्टनावर रेनेट कोणत्या प्रकारचे आहे हे लिहिण्याचे बंधन नाही. ज्यांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे त्यांनी सूक्ष्मजीवजन्य रेनेटचा स्पष्ट उल्लेख असलेलेच चीज घ्यावे, आणि परमेझानमध्ये नेहमीच प्राणिज रेनेट असते हे लक्षात ठेवावे. लेइपायुस्तो हे दातांखाली करकरणारे, वरून भाजलेले सपाट चीज पूर्वी नुकत्याच व्यालेल्या गायीच्या चिकापासून करत, म्हणजे ज्या दुधाचा आपण खरवस करतो त्याच दुधापासून. आता ते साध्या दुधाचे असते आणि केशरी क्लाउडबेरीच्या मुरंब्यासोबत वाढतात. दह्याची आठवण झाली तर साधे बिनसाखरेचे दही सर्वत्र मिळते, आणि पीमॅ हे आंबट ताक मीठ-जिरे घालून आपल्यासारखेच पिता येते.

वेळ न पाहणे

शाकाहारी माणसासाठी फिनलंडमधले खरे जेवण दुपारचे असते. आठवड्याच्या कामाच्या दिवशी साधारण ११ ते २ या वेळेत ‘लौनास’ नावाने ठरावीक दरात जेवण मिळते, त्यात बहुधा एक भाजीचा मुख्य पदार्थ, सॅलड, राईचा पाव आणि कॉफी असते, आणि संध्याकाळच्या जेवणाच्या मानाने ते बरेच स्वस्त पडते. दिवसभर फिरून रात्री ९ वाजता छोट्या गावात जेवण शोधणाऱ्याला मात्र बंद झालेले स्वयंपाकघर आणि पेट्रोल पंपावरचे सॉसेज यांतून निवड करावी लागते. जूनच्या उत्तरार्धातील युहान्नुस या सणाच्या शनिवार-रविवारी शहरे ओस पडतात आणि अनेक उपाहारगृहे बंद असतात. त्या दिवसांसाठी आधीच किराणा भरावा. ओट, बाकला (फावा) घेवडा आणि वाटाणा यांपासून केलेले न्युह्तोकाउरा हे २०१६ मध्ये बाजारात आलेले उत्पादन कांदा-मसाल्यावर परतले की पोळीबरोबर चांगले लागते. हेलसिंकीत हाकानिएमीच्या आसपासच्या दुकानांत डाळी आणि मसाले मिळतात, आणि नेपाळी उपाहारगृहे तर इतकी आहेत की डाळभातासाठी फार हिंडावे लागत नाही. पण रोज तिथेच जाऊन परत येणे म्हणजे फिनलंडचे जेवण न चाखताच परतणे होय.

बाजारात कढई न पाहणे

हेलसिंकीच्या बंदरावरील काउप्पातोरी या बाजारात उन्हाळ्यात मोठ्या सपाट तव्यांवर मुइक्कू हे छोटे मासे आणि शेजारीच बटाटे-भाज्या परततात. ताटात भाजी असली तरी उलथणे आणि तेल एकच असते, तेव्हा विचारून घ्यावे किंवा पुढच्या टपरीकडे वळावे. तिथेच लिटरच्या मापाने विकल्या जाणाऱ्या ओल्या वाटाण्याच्या शेंगा घ्याव्यात आणि बाकावर बसून सोलत कच्च्याच खाव्यात. स्थानिक लोक तेच करतात. नवे बटाटे शेपू आणि लोण्याबरोबर उकडून खाण्याचाही हाच हंगाम. वसंतात मात्र कोर्वासिएनी ही मेंदूसारखी सुरकुतलेली अळिंबी विकायला असते. ती कच्ची विषारी असून भरपूर पाण्यात दोनदा उकळून, पाणी फेकून दिल्याशिवाय खाता येत नाही. भाड्याच्या खोलीतल्या छोट्या स्वयंपाकघरात तो प्रयोग करू नये. रानातली ब्लूबेरी आणि लिंगनबेरी मात्र कोणीही खाण्यासाठी तोडू शकतो, फक्त कोणाच्या अंगणात शिरू नये.

लॅपलंड आणि सामान

लॅपलंड या फिनलंडच्या उत्तरेकडील भागात उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहण्याच्या किंवा कुत्र्यांच्या गाडीच्या सहलींत शेकोटीवर सॉसेज भाजून देण्याचा रिवाज आहे आणि जंगलात ऐनवेळी पर्याय निघत नाही. नोंदणी करतानाच शाकाहारी असल्याचे आणि अंडे चालते की नाही हे लेखी कळवावे, आणि जवळ भाजायचे चीज किंवा भाजीचे सॉसेज ठेवावे. घरून नेण्याच्या बाबतीत, युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाच्या सामानात नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पनीर आणि खवा घरीच ठेवावे, खव्याच्या मिठाईवरून विमानतळावर वाद घालण्यातही अर्थ नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि आंबे यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडे मसाले यांना ही अडचण येत नाही. भाजणी राईच्या पिठात मिसळून थापली तर लोणी लावलेले थालीपीठ लॅपलंडच्या केबिनमध्येही नीट होते.