मसल कारचा सांगाडा आणि मागचं सस्पेन्शन: पैसे घालण्याआधी या चुका टाळा

जुन्या मसल कारवर (मोठ्या, दमदार इंजिनाच्या अमेरिकन गाडीवर) पैसे कुठे जातात ते ठरलेलं असतं. आधी इंजिन, मग एक्झॉस्ट, मग चाकं. पुढे कधीतरी सिग्नलवरून जोरात सुटताना मागचा अ‍ॅक्सल थडथडायला लागतो आणि तेव्हा मालक पहिल्यांदा गाडीखाली डोकावतो. लगेच सबफ्रेम कनेक्टर (पुढची आणि मागची फ्रेम जोडणारा तुकडा), ट्रॅक्शन बार (मागचं स्प्रिंग मुरगळू न देणारा दांडा), पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यात बसणारी, रबरापेक्षा कडक गादी), जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) अशी ऑर्डर सुटते. अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या आसपास ज्यांच्या गॅरेजमध्ये अशी गाडी आहे, त्यांच्याकडे बर्फ वितळला की हेच सुरू होतं. मागवलेला माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. चुकतो तो कामाचा क्रम, आणि आपल्या गाडीची रचना काय आहे हे बघायचं राहून जातं.

मी दोनच गाड्या धरून बोलतो: 1967 ते 1969 ची पहिल्या पिढीची कॅमारो आणि 1979 ते 1993 ची फॉक्स-बॉडी मस्टँग. दोन्ही युनिबॉडी घराण्यातल्या (पत्र्याची बॉडीच मुख्य सांगाडा), दोन्हींत मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड अ‍ॅक्सल; पण कॅमारोचा अ‍ॅक्सल पाट्यांवर (लांब, वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसतो, फॉक्सचा कॉइल स्प्रिंग आणि चार आर्मवर (बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यांवर). एकीचं औषध दुसरीला देऊन चालत नाही.

गंज न बघता कडकपणा विकत घेणे

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे वरून झगमगीत रंग असलेल्या गाडीचा खालचा पत्रा पापुद्र्यासारखा सुटलेला असू शकतो. अशा पत्र्यावर कनेक्टर वेल्ड केला, तर ताकद जायची कुठे? वेल्ड शाबूत राहतो आणि शेजारचा पत्रा फाटतो.

फॉक्समध्ये सगळ्यात आधी टॉर्क बॉक्स बघा. मागचे खालचे आणि वरचे आर्म ज्या पेटीसारख्या पत्र्याला जोडलेले असतात, ते हे. 1987 ते 1992 च्या 5.0 लिटर गाडीचा कंपनीने दिलेला आकडा 225 हॉर्सपॉवर आणि 300 पाउंड-फूट टॉर्क. हा सगळा जोर या पातळ पेट्यांतून बॉडीत जातो. चिकट टायर आणि क्लच सोडून मारलेल्या उड्या यांनी तिथले स्पॉट वेल्ड एकेक करून उसवतात. सीलंट खरवडा आणि टॉर्चच्या उजेडात बघा: वेल्डच्या गोल ठिपक्याभोवती तपकिरी रेघ दिसली किंवा रंगाला केसासारखी चीर गेली असेल, तर तिथे हालचाल सुरू झाली आहे. आधी ती जागा वेल्ड करून मजबुतीची पट्टी लावा, आर्म नंतर.

सांगाडा किती पिळतो हे घरच्या घरी कळतं. गाडी सपाट फरशीवर घ्या, दार बंद करा, दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. आता पुढचा एकच कोपरा सबफ्रेमखाली जॅक लावून उचला आणि फट पुन्हा मोजा. फरक दिसला किंवा दार लागताना घासलं, तर सांगाडा कडक करायला हवा हे समजलं. 1967–69 च्या कन्व्हर्टिबल कॅमारोत कंपनीनेच चारही कोपऱ्यांत थरथर शोषणारे वजनदार डँपर बसवले होते, इंजिनियर मंडळी त्यांना ‘कॉकटेल शेकर’ म्हणत. म्हणजे छप्पर काढल्यावर गाडी किती हलते याची कल्पना खुद्द शेव्हरोलेला होती.

गाडी टांगून कनेक्टर वेल्ड करणे

सबफ्रेम कनेक्टर पुढची आणि मागची फ्रेम जोडतो, आणि या दोन्ही गाड्यांसाठी पहिला खर्च तोच असावा. पण दोन खांबांच्या लिफ्टवर टांगलेल्या गाडीचं नाक आणि शेपूट किंचित खाली आलेलं असतं. त्याच अवस्थेत वेल्ड केलं, की तोच बाक कायमचा. खाली उतरवल्यावर दारं नीट लागत नाहीत आणि दोष बिजागऱ्यांवर जातो. वजन चाकांवर हवं: चार खांबांची लिफ्ट किंवा चारही चाकांखाली मजबूत रँप. दारं बंद, फटी तपासलेल्या, आणि मगच टॅक, म्हणजे जागा पकडणारे छोटे वेल्ड.

एका दमात लांब वेल्ड ओढू नका. इंचभर इथे, इंचभर पलीकडच्या बाजूला, मधे थंड होऊ द्यायचं. बॅटरी सोडवा. फ्यूल लाइन आणि ब्रेक लाइन कुठून जाते ते हाताने चाचपून बघा. आतलं कार्पेट आणि त्याखालचं डांबरी अस्तर काढा, कारण आग लागते ती आतून, आणि वेल्डर खाली असतो. एक माणूस आत, हातात अग्निशामक, हे काम संपेपर्यंत. नंतर उघड्या पत्र्याला प्रायमर आणि सीलंट.

कॅमारोची आणखी एक गोम आहे. तिची पुढची सबफ्रेम बॉडीला बोल्टने, रबरी माउंटवरून जोडलेली असते. पन्नाससाठ वर्षांचं ते रबर चेपलेलं असेल, सबफ्रेम एका बाजूला सरकलेली असेल, तर कनेक्टर लावून तुम्ही तो वाकडेपणाच पक्का करता. आधी माउंट बदला. मग सबफ्रेमवरची आणि बॉडीवरची जुळणीची भोकं जमवा, कर्णरेषा मोजा, आणि शेवटी कनेक्टर. माउंट रबरी ठेवून पुढेमागे वेल्ड केलेला कनेक्टर लावला तर रबर हलू पाहणार आणि वेल्ड त्याला धरून ठेवणार. म्हणून वेल्डचे कनेक्टर लावायचे असतील तर अ‍ॅल्युमिनियमचे घट्ट माउंट घ्या. आवाज थोडा वाढेल.

सगळीकडे पॉलियुरेथेन

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, विशेषतः फॉक्सवर. रबर वाईट आणि पॉली चांगलं असं धरून चारही आर्मच्या आठही टोकांना पॉली ठोकलं जातं.

फॉक्सचे वरचे दोन आर्म आखूड आणि तिरके असतात. अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देण्याचं काम त्यांच्याकडे आहे, शिवाय अ‍ॅक्सलला पिळू न देण्याचंही. वळणावर बॉडी कलते तेव्हा या आर्मना लांबीच्या अक्षाभोवती थोडं पिळावं लागतं, आणि ती मुभा रबरच देतं. पॉली एका दिशेत फिरू देतं, वाकडं होऊ देत नाही. मग वळणाच्या मधेच सस्पेन्शन अडकतं, मागचा भाग एकदम कडक होतो आणि शेपूट पूर्वसूचना न देता सुटते. ओल्या रस्त्यावर हे फार वाईट. शिवाय अडकलेला जोर जातो कुठे? त्याच टॉर्क बॉक्समध्ये.

वरच्या आर्मना चांगलं नवं रबर ठेवा. खालचे आर्म बॉक्स सेक्शनचे, निदान एका टोकाला गोलाकार फिरणारा जॉइंट असलेले घ्या. गाडी वळणांवर चालवायची असेल तर पॅनहार्ड बार (बॉडी आणि मागचा भाग यांना आडवा जोडणारा दांडा) लावा, म्हणजे आडवं धरून ठेवायचं काम वरच्या आर्मवर फारसं उरत नाही. खालचे आर्म घेताना आणखी एक बघा: फॉक्सचा कंपनीचा मागचा अँटी-रोल बार याच आर्मना बोल्ट होतो. नव्या आर्मवर ती भोकं आहेत का? पार्सल उघडल्यावर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

गाडी खाली बसवली असेल तर खालच्या आर्मचं अ‍ॅक्सलकडचं टोक वर जातं, सुटताना मागचा भाग जास्त बसतो आणि चाक उड्या मारतं. त्यावर आर्मचं ते टोक खाली आणणारा ब्रॅकेट मिळतो. अ‍ॅक्सलचे आडवे डँपर मात्र उड्या थांबेपर्यंत काढू नका.

पाट्यांवर ठोकळे

1967 ची कॅमारो एका पाट्याच्या स्प्रिंगवर आली. अ‍ॅक्सलने पाटा इंग्रजी एस आकारात मुरगळायचा, तो सुटायचा, पुन्हा मुरगळायचा. काही जास्त ताकदीच्या गाड्यांना म्हणून उजव्या बाजूला रॉड दिलेला असे. 1968 मध्ये एका बाजूचा शॉकअप अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे नेला, आणि जोरदार इंजिनांना अनेक पाट्यांच्या स्प्रिंगा आल्या.

हा इतिहास ठाऊक असूनही लोक उंची कमी करायला पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये दोन-तीन इंचांचे ठोकळे घालतात. ठोकळा जितका उंच तितका पाटा मुरगळायला लांब तरफ. उंची कमी करायची तर कमी कमान असलेली स्प्रिंगच घ्या. मुरगळणं थांबवायला पाट्याच्या पुढच्या डोळ्यापाशी (पाटा बॉडीला जिथे अडकतो त्या गोल टोकापाशी) जोर नेणारे कॅलट्रॅकसारखे बार चांगले. साध्या रबरी टोकाच्या बारचं टोक डोळ्याच्या नेमकं खाली आलं नाही, तर तो फक्त शोभेचा.

बोल्ट हवेत आवळणे

रबरी बुशच्या आतली नळी आणि बाहेरची नळी रबराला चिकटलेली असतात. चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, की आतली नळी त्या कोनात अडकते. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं. उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर घ्या, पुढेमागे ढकलून बसू द्या, मग टॉर्क रेंच. पॉलीला हा नियम लागू नाही, पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. कुरकुर आली तर बहुधा ते सुकलेलं असतं.

आता दोन-तीन तक्रारी. वेग ठरावीक झाला की गुरगुर आणि थरथर: पिनियनचा (इंजिनाकडून येणारा शाफ्ट मागे जिथे जोडतो त्या गिअरचा) कोन तपासा. थेट जमिनीशी मोजू नका, गिअरबॉक्सच्या शाफ्टशी तुलना करा, आणि वजन चाकांवर असताना. जोर लागला की पिनियनचं नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते किंचित खाली हवं. पाट्यांच्या गाडीत जरा जास्त. गिअर टाकताना ‘टक्’: फोन गाडीखाली ठेवून व्हिडिओ घ्या, वर कोणीतरी ब्रेक दाबून गिअर पुढेमागे करू दे. स्वतः खाली झोपू नका. खड्ड्यात मागून धाडकन आवाज: खाली बसवलेल्या गाडीत जुन्या लांबीचा शॉकअप तळाला टेकतोय. वळणावर शेपूट बाहेर: मागचा बार जाड घेतलात का? पुढचा बदलल्याशिवाय मागचा वाढवायचा नाही.

भारतात 2016 पासून विकलेल्या मस्टँगला यातलं बरंचसं लागू नाही, कारण तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे उड्या मारतो तो डिफरेन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी) धरणारा क्रेडल, म्हणजे चौकट, आणि उपाय त्याच्या रबरी माउंटची हालचाल रोखणारे किट. वेल्डिंगचा मात्र विचारही नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीचं पासिंग आणि विमा दोन्ही अडचणीत येतात.

पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा वापरू नका. नवे लावल्यावरही पहिल्या शंभर-दोनशे मैलांनी ते परत आवळावे लागतात. ठोकळा किंवा पाचर घातली असेल तर त्याच्याही आधी.