इम्प्लांटवरचे दात दहाव्या वर्षीही घट्ट राहावेत म्हणून या चुका टाळा

सगळे दात गेलेल्या माणसांना इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या धातूच्या खुंटीवर, दात बसवणं हे माझं रोजचं काम. दात बसतात त्या दिवशी सगळेच खूश असतात. मी मात्र त्यांच्या दहाव्या वर्षाचा विचार करत असतो. स्वीडनचे संशोधक डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये ज्यांना पहिल्यांदा टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, त्यांना ते चाळीसहून अधिक वर्षं, अखेरपर्यंत पुरले. इतकं टिकणारं काम पाच-सात वर्षांत निष्काळजीपणाने गेलं की जीव तुटतो.

दुखत नाही म्हणून तपासणीला न येणं

खऱ्या दाताभोवती तंतूंचा पातळ थर असतो. दाब, दुखणं त्यातून लगेच कळतं. इम्प्लांट थेट हाडाला धरलेला असतो, त्याला हा थर नाही. कडेला जंतूंचा थर साठून हिरडी सुजते, मग आतलं हाड झिजू लागतं, आणि बहुतेकदा साधा ठणकाही लागत नाही.

एक आजी सात वर्षांनी आल्या. खालच्या जबड्यात चार इम्प्लांटवर पक्के दात. तक्रार एवढीच, की तोंडाला वास येतो असं नातू म्हणतो. एक्स-रे काढला तर दोन इम्प्लांटभोवतीचं निम्म्याहून जास्त हाड गेलेलं. "दुखलंच नाही हो डॉक्टर, मग कशाला येऊ?" म्हणाल्या. ते दोन्ही काढावे लागले. वर्षभरात आल्या असत्या तर साफसफाईवर भागलं असतं, हे मला आजही सलतं.

पहिल्या वर्षी हाड थोडं खाली जातंच. त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झीज ही जुनी मान्य मर्यादा. ती कळायला दात बसले त्या दिवशीचा एक्स-रे हवा, म्हणून तो काढल्याशिवाय मी पेशंटला घरी सोडत नाही. पुढे दर सहा महिन्यांनी बोलावतो. रात्री इम्प्लांटवरच्या दातांच्या पुलाखालून बारीक ब्रश फिरवायला आरशासमोर बसवून शिकवतो, आणि पुढच्या वेळी माझ्यासमोर करून दाखवायला लावतो.

इम्प्लांटची माहिती जपून न ठेवणं

बारा वर्षांनी दात इम्प्लांटला जोडणारा एखादा स्क्रू सैल होतो. काम फार तर अर्ध्या तासाचं. पण इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा, हेच कुणाला ठाऊक नसतं. मूळ डॉक्टर निवृत्त झालेले. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, भलताच स्क्रू बसत नाही. इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर मागून घ्या, फोटो काढून घरच्यांनाही पाठवा.

घाई

"आजच दात द्या" हा हट्ट मला पटत नाही. इम्प्लांट हाडात पुरेसा घट्ट बसला तर लगेच तात्पुरते दात देता येतात, पण ते हाड बघून ठरतं, लग्नाची तारीख बघून नाही. वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं, तिथे मी सहा महिने थांबायला सांगतो आणि रागही ओढवून घेतो.

सिगारेट, तंबाखू आणि ताब्यात नसलेली साखर: आधी हे सांभाळा, मग इम्प्लांट.

झोपेत दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं संरक्षक आवरण, लावा.

इम्प्लांटवर बसणारी पण काढता येणारी कवळी असेल तर रात्री काढून धुऊन ठेवा. ती पकडणारे नायलॉनचे तुकडे झिजतातच. कवळी सैल लागली की ते बदलून घ्या, चिकटपट्टी किंवा पावडर लावून दिवस ढकलू नका.